घाणा थांबतो तो दिवस

अलिबाग-पेणच्या पट्ट्यात एके काळी तेल्यांच्या दोन ओळखी होत्या. सोमवारी ज्यांचा घाणा बंद, ते सोमवार तेली. शनिवारी ज्यांचा बंद, ते शनिवार तेली. धंदा एकच आणि घाणाही तसाच: लाकडी उखळ, त्यात गरगरणारी लाट, जुवाखाली बैल, बैलाच्या डोळ्यांवर झापड. वरून तीळ किंवा खोबरे घालायचे, खालून तेल काढायचे, उरलेली पेंड गुरांपुढे टाकायची. सोमवारवाल्यांचे कारण उघड होते. वार महादेवाचा आणि बैल म्हणजे नंदी, त्या दिवशी त्याला जुंपायचे कसे? शनिवारवाल्यांचे कारण मात्र फार दूरवर होते, अरबी समुद्राच्याही पलीकडे.

हे शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. त्यांची परंपरा सांगते की नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि धर्मग्रंथ सामानासकट बुडाले. पुढे पिढ्यामागून पिढ्या गेल्या. हिब्रू भाषा विसरली, मराठी आईची भाषा झाली. आडनावे गावांवरून पडली: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, दिवे आगरचे दिवेकर. बायकांनी लुगडी नेसली. मागे उरले ते मोजकेच: आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले नसलेला मासा ताटात न घेणे, ‘शेमा इस्रायल’ ही एक प्रार्थना, जी जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगाला म्हटली जाई, आणि शनिवारी घाणा बंद.

मी पाळक आहे. वेदीमागे उभे राहण्यात माझी बरीच वर्षे गेली. तरी या गोष्टीपाशी मी दर वेळी थांबतो. ग्रंथ बुडाला, भाषा गेली, शिकवणारा कोणी उरला नाही, आणि टिकून राहिलेल्या मोजक्या गोष्टींत काय, तर काहीही न करण्याचा एक दिवस! करण्याच्या गोष्टी टिकवायला पुस्तक लागते, पुरोहित लागतो, पैसा लागतो. न करण्याची गोष्ट एका बैलाने आणि एका तेल्याने शेकडो वर्षे सांभाळली.

बैलाचे नाव मी उगाच घेत नाही. मोशेच्या दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात, ‘निर्गम’ आणि ‘अनुवाद’ या पुस्तकांत. दुसऱ्या खेपेला शब्बाथाच्या, म्हणजे सातव्या दिवसाच्या विसाव्याच्या, आज्ञेत कोणी कोणी थांबायचे याची यादी आहे: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, तुझा बैल, गाढव, वेशीच्या आतला परकादेखील. कारणही तिथेच दिले आहे. तुम्ही मिसरात गुलाम होता, हे विसरू नका. ज्याला सुट्टी मागता येत नाही, त्याचे नाव यादीत मुद्दाम घातलेले आहे. आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी चोळून त्याला पुरणपोळी भरवतात आणि त्या दिवशी जू त्याच्या मानेवर ठेवत नाहीत. इथे तोच मान दर सातव्या दिवशी आहे, मात्र झूल आणि वाजंत्रीशिवाय.

या आज्ञेचा हात जमिनीपर्यंतही पोहोचतो. सहा वर्षे पेरा, सातव्या वर्षी शेत पडीक ठेवा. आपोआप जे उगवेल ते गोरगरिबांनी खावे, त्यांचे उरेल ते रानच्या जनावरांनी. लोकांनी ते फारसे पाळले नसावे. कारण पुढे बाबेलच्या बंदिवासात देश सत्तर वर्षे ओस पडला, तेव्हा इतिहासकाराने हिशेब मांडला आहे की भूमीने आपले थकलेले शब्बाथ वसूल करून घेतले. माणसाने दिला नाही, म्हणून जमिनीने आपला विसावा स्वतःच घेतला. मला ही बायबलमधली सर्वांत धाकात ठेवणारी ओळ वाटते.

आता त्या सातच्या आकड्याकडे बघा. सूर्याने आपल्याला दिवस दिला आणि वर्ष दिले. चंद्राने महिना दिला. आठवडा कोणी दिला? वारांना ग्रहांची नावे आहेत खरी, पण दर सात दिवसांनी आकाशात काहीही घडत नाही. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्याला सातने भाग जात नाही. वर्षाचे 365 दिवस घ्या, 52 आठवडे होऊन एक दिवस उरतोच. पक्षी, झाडे, भरती-ओहोटी, कोणालाही रविवार ठाऊक नाही. आठवडा माणसांनी माणसांत ठेवलेला करार आहे, आणि तो मोडायला निघालेल्यांची फजिती झालेली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीने 1793 मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. नऊ दिवस काम आणि दहाव्या दिवशी विश्रांती, हे कोणाला आवडणार? 1806 पासून जुने कॅलेंडर परत आले. सोव्हिएत रशियाने 1929 मध्ये पाच दिवसांचा आठवडा काढला. कामगारांचे पाच गट, प्रत्येक गटाला एक रंग, प्रत्येक रंगाची सुट्टी वेगळ्या दिवशी, म्हणजे यंत्र कधीच थांबायला नको. नवऱ्याला सुट्टी एका दिवशी, बायकोला दुसऱ्या. पुढे सहा दिवसांचा प्रयोगही झाला, आणि 1940 मध्ये गाडी मुकाट्याने सातवर आली. एकट्याने घेतलेली सुट्टी आणि सगळ्यांनी मिळून घेतलेली सुट्टी या दोन वेगळ्या चिजा आहेत, हे त्या रंगीत गटांनी अनुभवाने शिकवले.

मुंबईच्या गिरण्यांनाही ते शिकवावे लागले. उजाडल्यापासून मावळेपर्यंत साचा चाले. नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक. त्यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. अर्ज झाले, सभा झाल्या. 1890 च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर हजारो कामगार जमले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. देशावरून आलेल्या कामगारांना तो वार पसंत पडण्यासारखाच होता, कारण रविवार खंडोबाचा. पुढच्याच वर्षी कारखान्यांच्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आज माझ्या चर्चची बाके रविवारी सकाळी भरतात, त्यात कंपनीतले, बँकेतले, शाळेतले लोक असतात. लोखंड्यांची फिर्याद कामगारांसाठी होती, उपासनेसाठी नव्हती. तरी माझी मंडळी त्यांची ऋणी आहे.

पण पाळकाचे काय? सगळे थांबतात तेव्हाच त्याचे काम सुरू होते. सकाळची उपासना, मग रविवारची शाळा. त्यानंतर दारात हात मिळवायला उभे राहायचे, आणि खरी गर्दी तिथे होते. एकीला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, एकाच्या मुलाचे लग्न ठरलेले असते, कोणी कानाशी लागून सांगतो की वडिलांना आयसीयूत हलवले आहे. मग अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी प्रभुभोजन न्यायचे. त्यासाठी एक छोटी पेटी असते. आत अंगठ्याएवढे काचेचे पेले, द्राक्षरसाची कुपी, भाकरीच्या तुकड्यांचा डबा, घडी घातलेला पांढरा रुमाल. ती पेटी हातात घेऊन चौथ्या मजल्याचा जिना चढताना मनात येते की सकाळी आपण उपदेश कशावर केला, तर विसाव्यावर.

हा पेच नवा नाही. यरुशलेमच्या मंदिरात रोज दोन कोकरांचे अर्पण असे, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. शब्बाथाच्या दिवशी त्यात आणखी दोन. म्हणजे सर्व देश हात बांधून बसलेला असताना याजकाचे काम दुप्पट! शब्बाथाच्या दिवशी शेतातली कणसे मोडणाऱ्या शिष्यांवर आक्षेप आला, तेव्हा येशूने याच याजकांकडे बोट दाखवले होते. ते मंदिरात शब्बाथ मोडतात आणि तरी निर्दोष ठरतात.

मात्र त्या लोकांनी यावर काढलेला तोडगा वाचून मी थक्क झालो. याजकांचे चोवीस वर्ग होते. प्रत्येक वर्गाची पाळी एक आठवड्याची, आणि पाळी बदलायची ती नेमकी शब्बाथाच्या दिवशी. म्हणजे साध्या दिवसांची सेवा वर्षातून दोन-तीन आठवडे, वर मोठे सण. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या याच पद्धतीने पाळीवर आला होता. तिथे त्याला देवदूत दिसला, वाचा गेली, सगळी उलथापालथ झाली, आणि लूक पुढे काय नोंदवतो? सेवेचे दिवस पुरे झाल्यावर तो घरी गेला. दर्शन झाले म्हणून ओव्हरटाइम नाही. मंदिरातले याजकांचे मदतनीस म्हणजे लेवी, त्यांची रीत तर आणखी स्पष्ट: पन्नाशी गाठली की जड सेवेतून निवृत्ती, पुढे हवे तर भाऊबंदांना हातभार लावावा, पण भार उचलू नये. हे ज्या ग्रंथात लिहिले आहे, तोच ग्रंथ हातात घेऊन आम्ही पाळक ‘प्रभूच्या कामाला सुट्टी कसली’ असे अभिमानाने म्हणतो. माझ्या मते हा अभिमान म्हणजे चांगल्या कपड्यातला अहंकार आहे.

अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये युजीन पीटरसन नावाचे एक पाळक एकोणतीस वर्षे एकाच मंडळीत होते. पुढे त्यांनी बायबलचे रोजच्या बोलीतले इंग्रजी रूप केले आणि जगभर नाव झाले. रविवार कामात जाई, म्हणून त्यांनी सोमवार राखून ठेवला. त्या दिवशी पतिपत्नी रानवाटेने चालायला जात. बस, एवढेच. सल्ला साधा आहे, पण पाळताना दम निघतो.

दम का निघतो? थकवा आला म्हणून माणूस थांबत नाही, भीती वाटते म्हणून चालत राहतो. मी थांबलो तर हे सगळे थांबेल, ही भीती. त्यावर उत्पत्तीच्या पहिल्या पानातच औषध आहे. माणूस घडला सहाव्या दिवशी. म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस सातवा, विसाव्याचा. त्याने अजून एक काडीही इकडची तिकडे केलेली नव्हती! यहुदी लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे दिवसाचा पहिला भाग झोपेचा. आपण डोळे मिटलेले असताना दिवस सुरू होऊन अर्धा सरलेला असतो, आणि सकाळी उठून आपण चालू कामात सामील होतो. सीनायच्या डोंगरावर आज्ञा मिळण्याआधीच रानात मान्ना पडू लागला होता. रोजचा रोज गोळा करायचा, साठवला तर त्यात किडे पडत, पण सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि तो मात्र टिके. विसाव्याची सोय आधी झाली, कायदा मागून आला.

आणि मग एलीया. कोकणातल्या बेने इस्रायलांना हा संदेष्टा फार प्रिय. अलिबागजवळ खंडाळे गावाच्या बाजूला एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या, असे ते मानतात आणि नवस फेडायला तिथे जातात. पोहे, साखर, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा त्याच्या नावाने वाटतात. ज्याच्या रथाच्या खुणा पूजनीय झाल्या, तो एकदा मरण मागत झुडपाखाली पडला होता.

कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या 450 संदेष्ट्यांसमोर तो एकटा उभा राहिला आणि जिंकला. तीन वर्षांचा दुष्काळ त्याच दिवशी फिटला. भर पावसात अहाब राजाच्या रथापुढे तो इज्रेलपर्यंत धावला, ते अंतर पंचवीस-तीस किलोमीटर असेल. दुसऱ्या दिवशी राणी ईजबेलची धमकी आली, आणि कालचा विजयी वीर जीव घेऊन देशाच्या दक्षिण टोकाला, बैर-शेब्यापर्यंत पळाला. चाकराला तिथे सोडले, एकटाच एक दिवसाची वाट रानात चालून गेला आणि रतामाच्या झुडपाखाली बसला. रतामा म्हणजे काही वड नव्हे. काटक्यांसारख्या फांद्या, नावापुरती पाने, सावली चाळणीतून पडल्यासारखी. पुरे झाले, मरण दे, असे तो म्हणाला आणि झोपला.

पुढचा प्रसंग प्रत्येक पाळकाने पाठ करावा असा आहे. देवदूताने त्याला हात लावून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. ऊठ आणि खा, एवढेच सांगणे. त्याने खाल्ले आणि परत झोपला. देवदूताने त्याला दुसऱ्यांदा उठवले, पुन्हा भाकर, पुन्हा पाणी, कारण पुढची वाट त्याला झेपणार नव्हती. मध्ये एक शब्द उपदेशाचा नाही. काल तर आकाशातून अग्नी उतरलेला पाहिलास, आज एका बाईला घाबरलास, असा टोमणा नाही. तिथे माझ्यासारखा कोणी असता, तर पहिल्या घासालाच दोन वचने ऐकवली असती.

पोटात अन्न आणि डोळ्यांवरची झोप उतरल्यावर तो चाळीस दिवस चालून होरेब डोंगरावर गेला. तिथे वारा सुटला, भूकंप झाला, अग्नी आला आणि त्यानंतर अगदी मंद असा आवाज. इथवर तू कशाला आलास, हा प्रश्न त्याला तिथे दोनदा विचारला गेला. रतामाखाली तो कोणीच विचारला नव्हता. एलीयाचे उत्तर दोन्ही वेळा एकच: मी एकटा उरलो आहे. यावर त्याला तीन कामे मिळाली आणि एक दुरुस्ती. दुरुस्ती अशी की तू एकटा नाहीस, सात हजार जण आहेत. कामे अशी: हजाएलाला अरामाचा राजा म्हणून अभिषेक कर, येहूला इस्राएलाचा राजा म्हणून, आणि अलीशाला तुझ्या जागी संदेष्टा म्हणून.

आता पुढची पाने उलटून पाहा. या तिघांपैकी एलीया स्वतः पोहोचला तो फक्त अलीशापर्यंत. अलीशा बारा जोड्यांनी नांगरणाऱ्यांत शेवटच्या जोडीवर होता. एलीयाने जाता जाता आपला झगा त्याच्या अंगावर टाकला. हजाएलाला राजपदाचे भाकीत सांगितले ते अलीशाने. येहूला तेल लावले ते अलीशाने पाठवलेल्या एका तरुण शिष्याने. पाचारण एलीयाला झाले, त्यातले दोन तृतीयांश काम दुसऱ्यांच्या हातून झाले, आणि एलीया अपयशी ठरला असे बायबलमध्ये कुठेही म्हटलेले नाही.

आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कथा मी याच्या शेजारी ठेवतो. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार दिला. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा. नगरला ते सेमिनरीत शिकवत, ‘ज्ञानोदय’साठी लिहीत, अभंग रचत. बालकवींसारखा पोर घरी आणून सांभाळत. नाव झाले होते, पगार चालू होता. पंचावन्न वर्षे उलटल्यावर, लेव्यांनी ज्या वयात ओझे खाली ठेवावे त्याच्याही पुढे, 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा. मुक्काम साताऱ्याला हलला. हाती ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य होते. 9 मे 1919 रोजी टिळक वारले तेव्हा ते अर्धेही झालेले नव्हते.

ते पुरे केले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. लग्नात ज्यांना अक्षरओळख नव्हती, नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा ज्या वेगळ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या अनुभवाने 1900 मध्ये ख्रिस्ती झाल्या, त्या लक्ष्मीबाईंनी. टिळकांना हे काम मिळाले होते, त्यांनी ते आपल्या परीने केले, आणि उरलेले त्यांच्याच घरात होते. पाचारण माणसापेक्षा मोठे असते, म्हणून तर माणसाला झोपायची मुभा आहे.

वाचकांपैकी जे कोणी कुठल्या मंडळीचे, देवळाचे, मठाचे किंवा मशिदीचे असतील, त्यांच्याकडे एक मागणे. तुमच्या पाळकाची, पुजाऱ्याची, इमामाची आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी असते, ते एकदा विचारा. उत्तर ‘तशी काही नाही’ असे आले, तर कमिटीच्या पुढच्या सभेत तो विषय अजेंड्यावर घ्या आणि वार ठरवून सूचनाफलकावर लावा. कोणी अत्यवस्थ असेल, तर त्या दिवशीही फोन करा, अगदी रात्री दोनला करा. हॉलची किल्ली आणि लग्नाची तारीख मात्र दुसऱ्या दिवशी विचारा.